सही न जुळलेला शेअर

मी एका बुडालेल्या कंपनीच्या शेअरांचा कागद बोलतोय. माझं ऐकावं असं माझ्यात काही उरलं आहे का, याची मलाच शंका आहे. पण मी सांगितलं नाही तर हे कुणीच सांगणार नाही.

माझा जन्म १९९३ चा, मुंबईतल्या एका छापखान्यातला. जाड हिरवट कागद, वर कंपनीचं नाव, खाली दोन संचालकांच्या छापील सह्या. टेबलावरच्या संगणकांना लागणाऱ्या चिप तयार करणं हा कंपनीचा धंदा. रजिस्टर पोस्टानं मी सांगलीला, विश्रामबागेत मधुकर सरांच्या घरी आलो.

सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. फळ्यावर नुसत्या हातानं ते असं वर्तुळ काढत की मुलं लिहायची थांबत. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी माझ्यात घातला.

"अहो, सगळं एकाच ठिकाणी कशाला?" चारुलताबाईंनी विचारलं होतं.

"अगं, तीस वर्षं हेच शिकवलं मी. पुढं घरोघरी संगणक दिसेल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त घाई झाली होती.

१९९६ च्या उन्हाळ्यात चिपचे भाव पडू लागले. संगणक अपेक्षेइतके खपत नव्हते, कचेऱ्यांनी नवी खरेदी पुढं ढकलली, आणि कंपनीच्या गोदामात माल साचला. रोज सकाळी सर भिंग घेऊन वर्तमानपत्रातला माझा भाव बघत. तो कालच्यापेक्षा खाली असे. दिवाळीपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग मला विकायचं ठरवलं. शेअरांचं काम करणारा नानासो मला मुंबईला पाठवून मोकळा झाला.

दोन महिन्यांनी मी परत आलो. सौदा मोडला होता.

"सर, कंपनी म्हणती सही जुळंना," नानासो म्हणाला. "तीन वर्सांमागची सही आन् आत्ताची, दोन येगळ्या मानसांच्या वाटत्यात. बँकेत जावा, मॅनेजरसमोर सही करा. त्यो शिक्का मारंल. पर लवकर करा. भाव लय झपाट्यानं उतरतुया."

"उद्या जातो," सर म्हणाले.

तो उद्या दहा महिने आला नाही. कारण फक्त मला ठाऊक होतं. दुपारी चारुलताबाई झोपल्या की सर खोलीची कडी लावत आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सही गिरवत. 'म' काढतानाच हात थरथरायचा. डाव्या हातानं ते उजवं मनगट दाबून धरत. मॅनेजर विश्वजित त्यांचाच विद्यार्थी. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यावरची सरांची सही तोच तपासायचा. माझ्यासाठी त्याच्यासमोर हात थरथरला तर पेन्शनही अडकेल, असं सरांना वाटे. खरंच अडकली असती का? मला ठाऊक नाही. त्यांनाही नसावं. पण ते कुणाला विचारत नव्हते.

नोव्हेंबर मात्र आलाच. पेन्शनचं पुस्तक शोधताना चारुलताबाईंना माझ्याखाली सह्यांचा गठ्ठा सापडला. त्या बराच वेळ एकेक पान उलटत राहिल्या. मग मला पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "चला. मी आहे बरोबर."

बँकेत विश्वजित उठून उभा राहिला. सरांनी पेन घेतलं. पहिली सही ओळीबाहेर गेली. दुसरी अर्ध्यात थांबली. मागं रांग होती.

"सर, अंगठा चालतो," विश्वजित हळूच म्हणाला. "मी साक्षीदार राहतो."

"मी एम. एस्सी. आहे रे," सर म्हणाले. रागानं नाही. आठवण करून दिल्यासारखं.

रांगेतल्या जतकडच्या म्हातारीला राहवलं नाही. "द्या की वो अंगठा. नवऱ्याची पेन्सन घेती मी. माझा अंगठा तीस वर्सांत एकदाबी माघारी आला न्हाई."

कुणी हसलं नाही. सरांनी अंगठा दिला. आधी हयातीच्या दाखल्यावर, मग मला विकण्याच्या अर्जावर. विश्वजितनं दोन्हींवर शिक्का मारला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

घरी जाताना ते नानासोकडे थांबले. त्यानं अर्ज पाहिला आणि मान खाली घातली. "आता अंगठा चालतुया सर. पर मागच्याच म्हैन्यात कंपनीला टाळं लागलं. घेणारच कोन न्हाई."

सर मला कपाटात ठेवायला गेले. बोटाची जांभळी शाई वाळली नव्हती. माझ्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा डाग उमटला. त्यांनी तो रुमालानं पुसून पाहिला, तेव्हा जास्तच पसरला. मग त्यांनी कपाट लावून घेतलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. संचालकांच्या छापील सह्या अजून सरळ, ठळक आहेत. बाजूला तो डाग. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्यानं 'उद्या जातो' म्हटल्यावर गप्प बसू नका. मी गप्प बसलो, पण मी कागद होतो.