पाचच्या आत

सांख्यिकी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट पोचायची, पण थांबेलच याची खात्री नसायची. त्या मजल्यावर बाई गेली एकतीस वर्षं फोन करत आल्या होत्या. खात्यातले लोक त्यांना पडताळणीबाई म्हणत, फोनच्या पलीकडची माणसं नुसतंच बाई म्हणत. काम म्हटलं तर सोपं होतं. देशात गॅस पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा सरकारला एक फॉर्म भरून द्यायचा: किती गॅस घेतला, किती विकला, घरांना किती, कारखान्यांना किती. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की संगणक ती ओळ लाल करायचा. मग बाईंनी फोन उचलायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "जरा पुन्हा बघता का, काही चुकलंय का?"

बहुतेक वेळा चुकलेलं असायचंच. कोणी एक शून्य जास्त ठोकलेलं असायचं, कोणी कारखान्यांचा गॅस घरांच्या रकान्यात घातलेला असायचा. पण सगळ्यात जास्त लाल व्हायचा तो 'बेहिशेबी वायू' नावाचा रकाना. नाव ऐकून वाटावं, गॅसने कुठेतरी काळा पैसा दडवलाय. अर्थ मात्र साधा होता. गावाच्या वेशीवरच्या मोठ्या मीटरमधून जेवढा गॅस आत आला आणि घरोघरच्या मीटरवर जेवढा लागला, त्यातला फरक. थोडा फरक मीटरच्या चुकांचा, बाकीचा गॅस जुन्या नळांतून जमिनीत मुरलेला नाहीतर हवेत गेलेला. शंभरात पाचपर्यंत चालायचा. पाचच्या वर गेला की ओळ लाल.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. बाई थकल्या होत्या, आणि हे थकणं रविवारच्या झोपेने जाणारं नव्हतं. सकाळी खुर्चीत बसल्यावर आधी पाच मिनिटं त्या नुसत्या टेबलावरच्या चष्म्याच्या घराकडे बघत. उरलेले महिने पाट्या टाकाव्यात, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि ताठ मानेने घरी जावं, एवढंच त्यांना हवं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

मंगळवारी एक ओळ लाल झाली. बेहिशेबी वायू: अकरा पूर्णांक तीन.

आकडा दांडगा होता खरा, पण बाई दचकल्या त्या कंपनीचं नाव वाचून. याच कंपनीचा गॅस त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गावात जात होता. धाकटी रस्त्याला लागून असलेल्या जुन्या घरात राहायची. तळमजल्यावर जिन्याखाली तिची शिवणकामाची खोली होती. खिडकी नाही, दिवसभर दार लोटलेलं आणि इस्त्री तापलेली.

बाईंनी फोन लावला. पलीकडे एका मुलीचा आवाज होता, नवखा आणि घाईचा.

"मी सांख्यिकी खात्यातून बोलतेय. तुमचा बेहिशेबी वायूचा आकडा जरा पुन्हा बघता का, काही चुकलंय का?" सवयीने तोंडातून तेच वाक्य निघालं.

"तीनदा बघितला हो," मुलगी म्हणाली. "वेशीवरच्या मीटरचे बारा महिने घेतले आणि सगळ्यांची बिलं त्यातून वजा केली. तीनदाही तेवढाच आला. मी लागून चारच महिने झालेत, म्हणून मुद्दाम तीनदा केला." मग तिने आवाज खाली आणला. "माझंच चुकलं म्हणा. आधीचे काका निवृत्त होताना सांगून गेले होते. म्हणाले, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण हा आकडा पाचच्या आत लिही, नाहीतर बाईंचा फोन येतो. त्या बाई म्हणजे तुम्हीच का?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग किती लिहू ते तुम्हीच सांगा ना. साहेबही सकाळपासून ओरडतायत."

"मी नाही सांगू शकत. उद्यापरवा बोलू," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काम अर्धवट सोडून फोन ठेवला होता.

मग त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. पाच वर्षांपूर्वीच्या पानावर त्याच कंपनीची ओळ सापडली. 'बेहिशेबी वायू ९.८. दूरध्वनीवर विचारणा केली. दुरुस्ती ४.२. खात्री झाली.' खाली त्यांची स्वतःची सही, वळणदार. त्यांना तो फोन आठवेना. त्या आठवड्यात असे चाळीस फोन केले असतील. त्यांनी विचारलं असेल, काही चुकलंय का, आणि पलीकडचे काका समजले असतील की सरकारला काय ऐकायचंय. त्यानंतरच्या वर्षी ४.४, मग ४.६, मग ४.७, गेल्या वर्षी ४.८. पुन्हा कधी लाल झालं नाही.

त्यांनी यंदाची सगळी यादी उघडली. इतकी वर्षं लाल ओळी सोडून त्यांनी कधी काही वाचलंच नव्हतं. चार पूर्णांक आठ, चार पूर्णांक सात, चार पूर्णांक नऊ, पुन्हा चार पूर्णांक आठ. अर्ध्या देशाचे नळ नेमके पाचच्या अलीकडे येऊन गळायचे थांबत होते. बाईंना लाज वाटली, अगदी कान गरम होण्याइतकी.

बाईंचे खात्यातले साहेब त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि जिने नेहमी धावत चढायचे. त्यांनी उभ्या उभ्याच निकाल दिला. "गेल्या वर्षीचा आकडा लावा, बाई. शुक्रवारी विभागवार बेरजा जाहीर करायच्यात. या एका कंपनीपायी अख्ख्या विभागाची बेरीज पाचच्या वर जाते."

"खरी असेल तर जाऊ दे की. बेरीज पाचच्या वर गेली तरच त्या विभागात नळ बदलायचं काम निघतं."

"खरी आहे कशावरून? कंपनीलाच दुरुस्त करू दे म्हणजे प्रश्न मिटला." आणि ते धावत खाली गेले.

सुरक्षा निरीक्षकाला एक फोन केला असता तर? पण तो करता येत नव्हता. कुठल्याही एका कंपनीचा आकडा खात्याबाहेर, अगदी दुसऱ्या सरकारी खात्यालासुद्धा सांगायचा नाही, अशी शपथ बाईंनी नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतली होती. ती शपथ होती म्हणून तर कंपन्या आकडे द्यायच्या. निदान देतो असं म्हणायच्या.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "तुमच्या रस्त्यावर गॅसचा वास येतो का गं?"

"पूर्वी यायचा. आता नाही येत."

"कधीपासून?"

"काय माहीत, ताई. सवय झाली असेल. का गं?"

"काही नाही. उद्या येते तुझ्याकडे."

"आजारी आहेस का?" धाकटीने घाबरून विचारलं, कारण ताई कामाच्या दिवशी कोणाच्या लग्नालाही जात नसे.

बुधवारी बाई रजा टाकून दोन तास बसमध्ये बसल्या. धाकटीच्या गल्लीच्या वळणावरच त्यांना वास आला. घरापाशी तो इतका दाट होता की घशाला लागला. धाकटी दारात उभी राहून हसत होती. "कसला वास? तुझं आपलं काहीतरीच. उगाच नाकाने कांदे सोलू नकोस, चहा टाकलाय."

"शेगडी बंद कर आधी. आणि इस्त्री कुठाय?"

"चालूच आहे, दोन परकर राहिलेत."

बाईंनी तिला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं आणि पार दुसऱ्या टोकाला नेऊन तिथून तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. आकड्यांवर शपथ असली तरी वासावर कोणाची बंदी नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीही करावी तशी त्यांनी तक्रार केली.

अर्ध्या तासात फिटर आला, पन्नाशीचा, गुडघ्यांनी वैतागलेला. त्याने आधी सगळ्या गल्लीचा गॅस आणि वीज बंद करवली. मग हातातलं यंत्र घेऊन तो शिवणाच्या खोलीत गेला आणि दारातूनच मागे फिरला. यंत्र बाहेरपर्यंत ऐकू येईल असं किंचाळत होतं. "बाहेर कोणी काढलं तुम्हाला?" त्याने धाकटीला विचारलं. "अजून एक दिवस हे असंच राहिलं असतं तर मी नळ बघायला नाही, ढिगारा उपसायला आलो असतो."

धाकटी समोरच्या पायरीवर जाऊन बसली. मगाशी सगळं हसण्यावारी नेणारी ती आता ताईच्या पदराचं टोक मुठीत धरून होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते बाईंना आजवर दुसऱ्यांबद्दल म्हणायला फार आवडायचं.

दुपारपर्यंत भिंतीलगतचा खड्डा खणून झाला. फिटरने नळाला पट्टा आवळला आणि कपाळ पुसत तो वर आला. "इथलं झालं. पण नळ साठ वर्षांचा आहे, बाई. गावभर असे शंभर सापडतील. तुम्ही नेमक्या याच गल्लीत वास घ्यायला आलात, हे यांचं नशीब."

"सगळे का नाही बदलत?"

"कागदावर आमच्या गावात गळतीच नाही," तो म्हणाला, आणि हत्यारं गोळा करायला लागला.

गुरुवारी सकाळी बाईंनी संगणक उघडला तेव्हा ती ओळ लाल नव्हती. कंपनीने दुरुस्ती पाठवली होती. बेहिशेबी वायू: चार पूर्णांक आठ. आता फोन करायचं काही कारण उरलं नव्हतं. मान्य करा, असं बटण खाली तयार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, कंपनीची आणि बाईंचीही. कारण अकरा पूर्णांक तीन खात्यात नोंदले गेले की उद्या कोणीतरी विचारणारच होतं, पाच वर्षांपूर्वीच्या नऊ पूर्णांक आठचे चार पूर्णांक दोन केले कोणी? आणि नोंदवहीत त्याचं उत्तर वळणदार अक्षरात होतं. मग चौकशी, जबाब, निरोपसमारंभाऐवजी पत्र. बाईंना खरंच भीती वाटली. जेवणाची वेळ होत आली तरी त्या चष्म्याच्या घराकडेच बघत होत्या.

मग त्यांनी फोन लावला.

"मी नाही बदलला," आवाज ओळखून मुलगी घाईने म्हणाली. "साहेबांनी स्वतःच—"

"ठाऊक आहे. तुझं काही चुकलं नाही. तुझी बेरीज बरोबर होती. साहेबांना फोन दे, आणि तू जेवायला जा."

एकतीस वर्षं त्या कारकुनांशीच बोलत आल्या होत्या. फॉर्मवर ज्याची सही असते त्याला त्यांनी कधी त्रास दिला नव्हता.

"बोला मॅडम," भारदस्त आवाज आला. "आकडा तर बसला ना आता? मग घोडं अडलंय कुठे?"

"मूळ नोंदी बघायचा अधिकार आहे आम्हाला. वेशीवरच्या मीटरचे बारा महिन्यांचे आकडे वाचून दाखवा. नंतर बिलांचे. मी लिहून घेते."

"आत्ता? जेवायची वेळ झालीय."

"माझीही झालीय."

पलीकडे खुर्ची करकरली, कागद चाळल्याचा आवाज आला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. साहेब चढ्या आवाजात वाचत होते, बाई एकेक आकडा पुन्हा उच्चारून लिहीत होत्या. जूनपर्यंत आवाजातला भारदस्तपणा उतरला. डिसेंबरला तो साधा, दमलेल्या माणसाचा आवाज झाला होता. बाईंना त्याचा राग येईना. तोही असाच कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर निवृत्तीचे महिने मोजत असेल. बिलांचे बारा महिने लिहून त्यांनी वजाबाकी केली.

"अकरा पूर्णांक तीन. तुमची दुरुस्ती नामंजूर करतेय मी, माझ्या सहीने."

मग तो माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, एक विचारू? दरवर्षी पाचच्या आत तुम्हालाच हवा होता ना?"

बाईंसमोर नामंजुरीची टिपणी होती. वजाबाकीच्या आधी, सगळ्यात वर, त्यांनी दोन वाक्यं लिहिली होती आणि त्यातलं अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच आधी लिहिलंय."