रांगेबाहेरचा चुंबक

मी चुंबक बोलतोय. कळंब्यातल्या एका घरी, फ्रिजच्या दारावर. पूर्णिमा आणि कृष्णातच्या लग्नाचा फोटो धरून असतो. फोटोत दोघंही फोटोवाल्याकडे बघताहेत, एकमेकांकडे बघायची हिंमत नव्हती.

माझा जन्म भट्टीतला. धातूंची पूड दाबून, भाजून मला घडवलं आणि इंदूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे आमच्या दोन लांब रांगा लागायच्या होत्या, एक वर, एक खाली. एकाचं उत्तर टोक फटीकडे, तर शेजाऱ्याचं दक्षिण. मधल्या फटीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने इलेक्ट्रॉन धावणार आणि आम्ही त्यांना आळीपाळीने डावी-उजवीकडे ओढणार. अशा नागमोडी धावण्यात त्यांच्यातून प्रकाश सांडतो.

मला तपासलं तिथंच काम करणाऱ्या पूर्णिमानं. माझी ओढ जराशी तिरकी निघाली. माणसांत अशांचीही लग्नं होतात, आमच्यात रांगेत घेत नाहीत. तिनं मला पर्समध्ये ठेवलं. त्यापायी तिचं एटीएम कार्ड बंद पडलं, तरी फेकलं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघं इथे आलो. सासूबाई चिमणाबाईंची सुई तांदळात पडली होती, ती मी काढून दिली आणि घरात मला मान मिळाला. पूर्णिमाला अजून मिळायचा होता.

गौरीच्या जेवणादिवशी तिला इंदूरहून फोन आला. रांगा जोडून झाल्या होत्या, यंत्र पहिल्यांदाच चालवणार होते, ये म्हणत होते. "बघते," म्हणून ती पुरणाकडे वळली.

"कशाला बोलवायल्यात?" चिमणाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आत्या."

"काही न्हाय, तर पुरण का करपायलंय?"

अंगणात बायकांचा झिम्मा सुरू झाला होता. पूर्णिमानं खिडकीतून बोट दाखवलं. "ते बघा. आधी जिची तिची टाळी वेगळी, नुसता गलका. मग ठेका कानावर पडतो. कुणी जरा थांबते, कुणी घाई करते, आणि सगळ्यांची टाळी एकदम पडते. इलेक्ट्रॉनांचंही तसंच. त्यांनीच सांडलेला प्रकाश त्यांच्यासोबत धावतो, कुणाला पुढे रेटतो, कुणाला मागे ओढतो. प्रकाशाच्या एकेका लाटेएवढ्या अंतरावर त्यांचे थर लागतात. मग लाटेवर लाट नेमकी बसते आणि उजेड कितीतरी पटीनं वाढतो."

एवढं लांबलचक ती या घरात पहिल्यांदाच बोलली.

"डोळ्याला दिसतोय व्हय त्यो?"

"नाही. आमचा नाही दिसत."

"मग बघायला जायचं कशाला म्हणतीस?"

"मी कुठं म्हणते?"

"म्हणत न्हाईस की. तेच तर." चिमणाबाईंनी कढई उतरवली. "गौरी बोळवल्या की जा. कृष्णातला सांगायचं माझ्याकडं लागलं."

निघताना पूर्णिमानं मला पर्समध्ये टाकलं, मग पुन्हा बाहेर काढलं. "तू जवळ आलास तर इलेक्ट्रॉनांची वाट वाकडी होईल रे," म्हणाली आणि मला इथेच लावून गेली. खरं होतं. खऱ्या गोष्टीचं वाईट वाटू नये, असं थोडंच आहे?

आता कृष्णात रोज पाणी प्यायला येतो, सरळच असलेला फोटो सरळ करतो. तिथे माझी जागा दुसऱ्या कुणीतरी भरली असेल. उजेड पडला का, तेवढंच मला ऐकायचंय. एरवी या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. तिचा फोन आला की मात्र कृष्णात अंगणात जातो.

त्याला कुणीतरी सांगा, एकदा तरी फ्रिजजवळ उभा राहून बोल म्हणावं.