उताराचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं, लांबलचक टेबल आहे आणि मी तिरकं आहे. लगेच हसू नका. सुतारानं मला मुद्दामच असं घडवलं. वरच्या टोकाला संत्री ओतायची, ती गडगडत खाली यायची आणि बायकांनी त्यातली डागी फळं वेचून काढायची. खालच्या टोकाला त्यांच्यातली एक मावशी बसायची. "टेबल कसं गुणाचं आहे," असं ती म्हणाली की माझं लाकूडसुद्धा मोहरून जायचं.

पुढे व्यापाऱ्यानं दुसरीकडे फळं निवडायचं यंत्र आणलं आणि आमची शेड बंद पडली. माझ्यावर रिकाम्या पोत्यांचा ढीग साचला. त्यात एक मांजर व्याली, तेवढीच काय ती सोबत.

मग एक दिवस विद्यापीठातल्या बाई आल्या. फळांपासून नवे पदार्थ करायचं शिक्षण, तेही पदवीचं, आता याच शेडमध्ये मिळणार होतं. मावशीच्या लेकीनं सगळ्यांत आधी नाव दिलं. शहरात राहून शिकणं तिला परवडणारं नव्हतं. पण वर्ग सुरू करायला एक नाव कमी पडलं. लेक माझ्यावर डोकं टेकून रडली. मला फार वाईट वाटलं.

पोती आवरणारी मावशी म्हणाली, "माझं नाव लिहा."

"तुमची शाळा पूर्ण झालीय?" बाईंनी विचारलं.

"झालीय की. पुढचं कुणी विचारलंच नाही."

"आई, तुला जमेल?"

"पाढे शिकवताना मी तुला असं विचारलं होतं का?"

पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पेन घरंगळत खाली गेले. तिथं सवयीनं मावशीच बसली होती. पुढच्या आठवड्यात मला सरळ करायला एक तरुण सुतार करवत घेऊन आला, तर तिनं त्याला थांबवलं. "राहू दे रे. पेन न्यायला पोरं येतात, तेव्हा मी शंका विचारून घेते. त्यांनी उत्तर दिल्याशिवाय पेन सोडत नाही."

मायलेकी दोघी पास झाल्या. पूर्वी उकिरड्यावर जाणाऱ्या सालींचं आता तेल निघतं, डागी फळांचा रस होतो. शेजारी दोन छोटे कारखाने उभे राहिले आणि कामासाठी शहरात गेलेली पोरं घरी परतली. सकाळी माझ्यावर वह्या असतात, दुपारी संत्री. माझ्या आनंदाला पारावार नाही.

हल्ली लेकच इथं शिकवते. यंदा खालच्या टोकाला करवतवाला सुतार बसतो. सगळे पेन त्याच्याकडे जमतात आणि उत्तर मिळाल्याशिवाय तोही ते सोडत नाही.

मित्रांनो, मला पुसा, वाळवीपासून जपा. पण सरळ मात्र करू नका. खालच्या टोकाला कुणीतरी शिकायला बसलेलं असतं.