कोंबडा असलेलं घर

सुदेश पाहुण्यांना फसवत नसे, पण 'शांत' हा शब्द कसा वापरायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. काळी नदीजवळच्या गुंद गावात घरामागं त्यानं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. फोनवर कुणी विचारलं की तो सांगे, "एकदम शांत, साहेब. पाखरांचा आवाज तेवढा." पाखरांचा आवाज खराच होता. शनिवारी ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टात जी गाणी वाजत, त्यांचा विषय मात्र तो काढत नसे. विचारणारा नेमका शनिवारीच येणारा असे.

आता तोच सुदेश गोठ्यामागच्या टेकाडावर, मत्तीच्या झाडाखाली मोबाईल धरून बसला होता. रेंज मिळायची ती तिथंच. आणि तो दुसऱ्यांच्या जाहिरातींतलं 'शांत' वाचत होता.

घर हवं होतं रक्षितासाठी. त्याची ही मुलगी काळी नदीवर राफ्ट चालवायची. पाण्यावर जन्म गेलेल्या पोरीला आता पाण्याखाली जायचं होतं. अंदमानातल्या एका बेटावर स्कूबा डायव्हिंगचा मोठा कोर्स होता. तो पुरा केला तर मुर्डेश्वरला पर्यटकांना समुद्राखाली नेण्याचं काम तिला मिळणार होतं. शिकवणारे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, राहायची सोय पक्की कर, मग नाव घालतो. त्यांनी जागा आज संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती.

सरांचं बोलणं उगीच नव्हतं. मागच्या खेपेला नेत्राणी बेटाजवळ बुडी मारायला गेली तेव्हा रक्षिता मुर्डेश्वरच्या एका लॉजवर उतरली होती. तेलात पोहणारी भाजी खाल्ली, खिडकीखाली रात्रभर वरात वाजली, आणि सकाळी बोटीत ओकून ओकून पोरगी अर्धी झाली. पाण्यात उतरलीच नाही. तेव्हापासून तुळजानं, म्हणजे रक्षिताच्या आईनं, ठरवूनच टाकलं होतं. "शांत खोली आन् रांधायला जागा मिळाली तर मी जाते संगं. न्हाईतर पोरीला परत तसं मरायला धाडणार न्हाई."

सकाळी नदीवर जाताना रक्षिता बापाला टोचून गेली होती. "बाबा, तुमच्या परीक्षेत पास होणारं घर समुद्रात बुडालेलंच असंल."

आणि खरंच, सुदेशनं एकेक घर नापास केलं होतं.

"ह्यो बघ, फोटो ह्या बाजूनं कापलाय," तो शेजारी येऊन बसलेल्या तुळजाला म्हणाला. "तिकडं रस्ता हाय."

"तुमास्नी कसं कळलं?"

"आपल्या फोटोत गोठा कुठं दिसतोय?"

तुळजा पदर तोंडाला लावून हसली. पुढच्या घरात किचन म्हणून स्टुलावर चहाची किटली ठेवली होती. त्याच्या पुढच्यानं लिहिलं होतं, लाटांच्या संगीतात झोपा. "संगीत म्हटलंय म्हंजे शेजारी बार हाय," सुदेश म्हणाला. "मी असतो तर असंच लिवलं असतं."

"अवो, सगळ्यांस्नी तुमच्यावानीच समजताय व्हय?" तुळजाचं हसू आता ओसरलं होतं. "ऊन कलायला लागलं. पोरगी येईल, तिला काय सांगायचं?"

आपल्याला सगळ्या खोड्या ठाऊक आहेत म्हणूनच पोरीची जागा जाणार, हे त्याला आतून डाचायला लागलं.

शेवटचा एक नंबर उरला होता. फोटो एकच, घराचा, तोही अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांसकट. फोन एका म्हातारीनं उचलला. सावित्री तिचं नाव. सुदेश पाहुण्यांशी बोलतो तसल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागला. ती सावकाश ऐकत होती.

"अक्का, जागा शांत आहे ना?"

"नाही," सावित्री म्हणाली.

सुदेशनं नंबर बरोबर लागलाय ना ते पाहिलं.

"माझा कोंबडा पहाटेच्या आधी उठतो आणि मग सगळ्यांना उठवतो. दुपारी शेजारचा बोटी ठोकतो. रात्री मात्र काही नाही. बेडूक आहेत."

"आणि स्वयंपाकघर?"

"गॅस आहे, एक शेगडी बिघडलेली आहे. भांडी माझीच वापरायची, घासून ठेवायची. पण तुम्ही कसली माणसं आहात? दारूबिरू, गाणीबिणी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न सुदेशनं पाहुण्यांना कधी विचारला नव्हता. "मायलेकी आहेत," तो चाचरत म्हणाला. "मुलगी पाण्यात, आई चुलीपाशी."

तुळजानं त्याच्या हातातून फोनच ओढून घेतला. तिच्या माहेरी, दिग्गीला, नव्या घराची पारख करताना बायका एकच गोष्ट विचारत, आणि तिनं तेच विचारलं. "अक्का, आज काय शिजवलंय?"

"सुरण. मागच्या वाडीतलं."

"खाजत न्हाई?" तुळजाची हिंदी दोन शब्दांतच संपली होती, पण तिला पर्वा नव्हती.

"चिंचेचा पाला घालते."

"आमी आंबाडे घालतो! मी घेऊन येते. आमच्याकडचे कंद, कणगं पण आणते, तुमी खाल्ली नसतील."

मग दोघींचं जे सुरू झालं त्यात अर्धी मराठी होती, अर्धी हिंदी आणि मध्येच कानडीही. उकडायचं किती, पाणी कधी ओतायचं, घसा खवखवला तर काय चाटायचं. कोर्सच्या तारखा सुदेशला दोनदा मध्ये ओरडून सांगाव्या लागल्या. सावित्रीनं खोली दिली.

फोन परत हातात आल्यावर सुदेशला इतकं हलकं वाटलं की निरोप घेताना तोंडातून सवयीचंच वाक्य निघालं, जे तो प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. "या अक्का, आपलंच घर समजा!"

पलीकडं म्हातारी खो खो हसली. "अरे, मी येऊ का तुम्ही येणार?"

सुदेशचे कान तापले. तुळजा तर टेकाडावर बसकणच मारून हसत होती.

"पावसाळ्यात समुद्र बंद असतो," सावित्री म्हणाली. "तेव्हा येईन म्हणते. तुमच्याकडं शांत आहे का?"

तोंडावर आलेलं उत्तर सुदेशनं गिळलं. "शनिवार सोडून या," तो म्हणाला.

त्यानं लगेच सरांना घराचा पत्ता कळवला. त्यांचा होकार आला तेव्हा रक्षिता ओल्या केसांनी टेकाड चढत होती. तुळजा कुदळ घेऊन परसात कणगं उकरायला कधीच उतरली होती.

"मिळालं घर?"

"मिळालं."

"शांत हाय?"

"न्हाई. कोंबडा हाय," सुदेश म्हणाला. "आन् तुझी आयी."