एकासाठी बाटली

"म्हणजे आजही नाही?"

"अहो, नाही कुठे म्हणतेय? थांबा म्हणतेय. आणखी चार-पाच मुलं येऊ देत."

"दोनदा थांबले, सिस्टर. दोन्ही वेळा दुपारी म्हणालात, पुढच्या आठवड्यात या. माझे दोन खाडे झाले. आता मुकादम म्हणेल, शिवणयंत्र दुसरीला देतो, तू बस घरी पोराला घेऊन."

ढब्बू आईच्या कडेवरून नर्सकडे बघून हसला. दीड वर्षाचा. हसणारच.

गोवरच्या लशीची एक बाटली दहा मुलांची. पावडरीत पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका मुलासाठी फोडू नका, असं कुणीच म्हणत नसे. पण फेकल्यावर वरचे विचारत, वाया कशी गेली?

नर्स उपकेंद्राच्या दारात गेली. रस्ता. सायकल. कुत्रं. मूल नाही.

परत आत. पुन्हा दारात.

शेवटी वरच्या डॉक्टर मॅडमना फोन.

"मॅडम, एकच मूल आलंय."

"मग थांबव की."

"दोनदा थांबवलंय."

"तुझं तू बघ. फक्त मागच्या महिन्यासारखी बाटली वाया जायला नको."

तुझं तू बघ. नोकरीला लागल्यापासून तेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, आणि वर तुझं तू बघ.

ती वळली. ढब्बूच्या आईने पिशवी खांद्याला लावली होती.

"निघालात?"

"अर्धा दिवस तरी भरेल."

"आणि लस?"

"मी आता येणार नाही."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"बसा," नर्स म्हणाली. "बसा म्हणते ना! मांडीवर घ्या त्याला. हात घट्ट धरा."

झाकण उडालं. पाणी, पावडर, सुई. ढब्बूने आधी आश्चर्याने पाहिलं, मग टाहो फोडला.

"झालं, झालं. शूर आहे आमचा गडी."

आईने त्याचं नाक पुसलं. मग म्हणाली, "एकासाठी फोडता येते तर."

नर्सने सुई डब्यात टाकली.

"मग गेल्या वेळी का नाही फोडली? त्याच्या आधी?"

बर्फात ठेवलेल्या बाटलीत अजून नऊ मुलांची लस उरली होती.

"अर्धा तास बसावं लागेल," नर्स म्हणाली. "रिअ‍ॅक्शन येत नाही ना, बघायला."

"अजून अर्धा तास!"

पण ती बसली. बाकाच्या पार टोकाला, नर्सकडे पाठ करून. ढब्बूचे हुंदके थांबले, तशी नर्स पुन्हा दारात जाऊन रस्ता बघू लागली.