पोचा पडलेला डबा

दुकानात कामाला असलेल्या बाईने दुसऱ्याच्या दुकानात पाऊल ठेवूच नये, असं माझं आता ठाम मत झालंय. ठेवलंच तर हात मागे बांधून ठेवावेत.

मी एका मोठ्या स्टोअरमध्ये मांडणीला आहे. दिवसभर रॅकवरचा माल पुढे ओढायचा, मागची पोकळी भरायची, लेबल गिऱ्हाइकाकडे वळवायचं. आमच्यात याला फेसिंग म्हणतात. गिऱ्हाईक एक बाटली उचलून नेतं आणि रांगेत खड्डा पडतो. तो खड्डा दिसला की धावायचं. आता ही खोड इतकी अंगात मुरलीय की घरातल्या चहा-साखरेच्या बरण्याही मी ओळीत उभ्या करते. नवरा म्हणतो, एक दिवस ही बाई आम्हालाही पुढे ओढून ओळीत उभं करेल.

त्या संध्याकाळी ड्यूटी संपवून मी सासूबाईंना दवाखान्यातून घ्यायला गेले. त्यांचे गुडघे दुखतात, शेक घ्यायला जातात. माझे पायही नुसते भरून आले होते, पण माझ्या पायांना कोण विचारतंय! वाटेभर सासूबाईंचं चालू होतं. डॉक्टर किती रागीट, बाकावर शेजारी बसलेल्या बाईची सून किती गुणाची, तिथली खुर्ची कशी टोचते. मी हूं हूं करत होते. आमच्या सासूबाई मनाने वाईट नाहीत हो, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी घरात शिंकलं तर दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला माझी सर्दी ठाऊक असते. त्यातून खालच्या मजल्यावर आमच्याच स्टोअरच्या कॅशियरची आई राहते, आणि दोघींचं रोज संध्याकाळी बाकड्यावर अधिवेशन भरतं.

घराजवळच्या वळणावर एक छोटं दुकान आहे. दूध, ब्रेड, साबण, डबाबंद खाणं, सगळं मिळतं. घरात दूध नव्हतं, म्हणून आत शिरलो. सासूबाई दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकल्या आणि मी आत फ्रिजकडे गेले.

दूध घेऊन वळले तर समोर डब्यांचं रॅक. अरे देवा! ते रॅक होतं की दंगल झालेली जागा? वाटाण्यात मका घुसलेला, अननसाच्या फोडींचे डबे मागे भिंतीला चिकटलेले, अर्ध्यांची तोंडं उलटी. माझे हात शिवशिवले. डोकं दमलेलं होतं, पण हातांना काय त्याचं. मी दूध काखेत धरलं, हात आत कोपरापर्यंत घातला आणि अननसाची रांग पुढे ओढायला लागले. मग मका सरळ केला. मग पर्स उघडून रुमाल काढला, कारण डब्यांवर हीऽ धूळ होती, आणि बोटं पुसून रुमाल परत आत टाकला.

पुढे काय होणार हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

काउंटरवरचा टोपीवाला पोरगा म्हणाला, "काकू, जरा थांबा." आणि आतल्या खोलीतून मालक आला. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, माझ्याइतकाच दमलेला. "बाई, पर्स दाखवा," तो म्हणाला.

"का?"

"मी आत स्क्रीनवर बघितलंय. तुमचा हात रॅकमध्ये गेला, तिथून पर्समध्ये गेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "अहो, तुमचं रॅक नीट लावत होते मी! फुकटात! पगार द्या उलट!" आणि तावातावाने पर्स काउंटरवर उघडी करून टाकली. चोरलंय काय मी, की घाबरू?

पर्समधून रुमाल निघाला, कंगवा निघाला, किल्ल्या निघाल्या. आणि अननसाचा डबा निघाला.

तो डबा माझ्या पर्समध्ये आहे हे मी साफ विसरून गेले होते.

तो कुठून आला ते सांगते. आमच्या स्टोअरला माल येतो तेव्हा खोक्यात काही डबे आपटतात, त्यांना पोचे पडतात. आतलं खाणं चांगलंच असतं, पण पोचा पडलेला डबा गिऱ्हाईक घेत नाही. मालकाचा हुकूम असा की असे डबे फोडून कचऱ्यात टाकायचे, कुणी घरी नेताना दिसला तर नेणारा आणि देणारा दोघंही घरी. आमची सुपरवायझर, तिला आम्ही सगळ्या मोठी ताई म्हणतो, तिच्या हातून काही ते फोडवत नाही. ती डब्यावरचं आमच्या स्टोअरचं स्टिकर नखाने खरवडून काढते आणि जिची पाळी असेल तिच्या पर्समध्ये न बोलता सरकवते. त्या दिवशी माझी पाळी होती. मोठ्या ताईचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. तिला आधीच एकदा ताकीद मिळाली होती. दुसरी मिळणार नव्हती, सरळ नारळच मिळणार होता.

मालकाने डबा उचलला, फिरवला. "हा बघा. आमचं स्टिकर खरवडून काढलंय. गोंद अजून चिकट आहे."

"तुमचा नाहीये तो," मी म्हटलं. "पोचा बघा ना त्याला. तुमच्या रॅकवरच्या एका तरी डब्याला पोचा आहे का?"

"पर्समध्ये कोंबताना पडला असेल."

एवढ्यात सासूबाई खुर्चीवरून उठल्या. गुडघे विसरल्या बहुतेक. "काय रे ए!" त्या मालकावर अशा कडाडल्या की टोपीवाला दोन पावलं मागे सरकला. "माझ्या सुनेला चोर म्हणतोस? तिचा एक गुण सांग म्हणालास तर मला घटकाभर आठवावा लागेल! पण चोर? दुसऱ्याच्या दारातलं फूल तोडत नाही ती. सांग गं त्याला, कुठून आणलास डबा. सांग आणि फेक त्याच्या तोंडावर!"

इतक्या वर्षांत त्या माझ्या बाजूने पहिल्यांदा बोलत होत्या, आणि मला खरं सांगायची सोय नव्हती.

"घेतला... दुसरीकडून," मी म्हटलं.

"बिल?"

"बिल नाहीये."

मालकाची नजर माझ्या ओढणीआडच्या कोटावर गेली. आमच्या स्टोअरचा कोट अंगावरच होता, खिशावर नाव शिवलेलं. "तुम्ही तिथे कामाला आहात?" तो म्हणाला. आवाज थोडा नरम झाला, आणि मला तेच नको होतं. "मग तिथून आणला असेल. असं करू, मी फोन लावून विचारतो. त्यांनी दिलाय म्हणाले तर मी तुमची माफी मागतो, या आजींसमोर. मला पण हौस नाहीये हो कुणाची झडती घ्यायची. पण रोज काही ना काही जातंच इथून, मी तरी काय करू?"

तो खरंच भला माणूस होता. चांगुलपणानेच त्याने फोन हातात घेतला. आमच्या स्टोअरचा नंबर त्याच्याकडे असणारच, दुकानदारांकडे एकमेकांचे असतात. फोन मॅनेजरच्या टेबलावर वाजणार. मॅनेजर विचारणार, पोचा पडलेला डबा बाईकडे कसा? कुणाच्या शिफ्टला? आणि मोठी ताई खोटं बोलणारी नाही. तिला नुसतं विचारलं तरी ती रडून सगळं सांगून मोकळी होईल.

"लाव, लाव फोन!" सासूबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ दे दूध का दूध!"

मी काउंटरवर हात आपटला. "फोन नको!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"फोन नका लावू. डबा... इथलाच आहे. घ्या पैसे आणि सोडा मला."

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, पण ऐकताना वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. मालकाने फोन खाली ठेवला. जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. उलट वाईटच वाटलं त्याला. त्याने डब्याचे आणि दुधाचे पैसे घेतले, बिल फाडून डब्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मी पोलिसांना बोलवत नाही. पण पुन्हा या दुकानात येऊ नका, बाई." टोपीवाला जमिनीकडे बघत होता.

सासूबाईंकडे बघायची मला हिंमत झाली नाही. शेवटी बघितलं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. त्यांच्या तोंडात शब्द नाही असं मी पहिल्यांदा पाहत होते.

घरी जाताना मी कानकोंडी होऊन चालत होते. सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. आई, तसं नाहीये, ऐका ना. पण मग उद्या बाकड्यावर काय होणार? सुनेच्या अब्रूसाठी त्या सगळ्या बिल्डिंगला खरं काय ते ओरडून सांगतील, आणि कॅशियरच्या आईकडून ते स्टोअरमध्ये पोचायला कितीसा वेळ? म्हणून मूग गिळून बसले. वाटलं होतं, त्या आता तरी बोलतील. शिव्या देतील, माझं माहेर काढतील. द्या म्हटलं, तेवढंच बरं वाटेल. पण त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय ओढत राहिल्या.

जिना चढताना मला एवढंच वाटत होतं की आता नवरा येईल आणि याच त्याला सांगतील. संसारात एवढी वर्षं झिजले, आणि शेवटी काय, तर चोर. मला राग यायलाही त्राण उरलं नव्हतं. भाजी टाकली, कणीक मळली. नवरा आला, हात-पाय धुऊन बसला. "उशीर झाला वाटतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं.

"माझे गुडघे," सासूबाई म्हणाल्या. "वळणावर बसावं लागलं मला. तू जेव गुमान."

तो जेवला आणि उठून बाहेर टीव्हीसमोर गेला. सासूबाईंचंही झालं होतं, पण त्या स्टुलावरून हलेनात. मी ओट्याशी उभी राहून भांड्याच्या तळाला लागलेली भाजी पोळीने पुसून घेत होते, रोजच्यासारखी.

"अगं," त्या म्हणाल्या. आवाज इतका हलका की मी आधी टीव्हीतलाच समजले. "तुला उरत नाही का गं जेवण?"

"काय?"

"तू नेहमी मागून जेवतेस. उभ्यानेच. आम्ही दोघं पोटभर खाऊन उठतो, मी कधी भांड्यात वाकून बघितलंच नाही तुझ्यासाठी काय राहतं ते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "भूक लागली की माणूस उचलतं गं. त्यात तुझी काय चूक? लाज मला वाटायला हवी. मी त्या मेल्याशी भांडत होते आणि माझ्याच घरात माझी सून..."

"आई, नाही हो," मी म्हटलं. "तसं नाहीये, खरंच. मी पोटभर जेवते."

"गप. खोटं बोलायची पाळी आणली मी तुझ्यावर. कुणाला कळणार नाही हे. तुझ्या नवऱ्याला पण नाही. माझ्या गळ्याची शपथ."

मी तोंड उघडलं. मोठ्या ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि पुन्हा मिटलं.

त्या कशाबशा उठल्या. मला हाताला धरून खाली बसवलं, ताट घेतलं, आणि माझ्या तव्यावर माझंच उलथनं घेऊन माझ्यासाठी पोळी भाजायला लागल्या. भाजी नव्हती उरली. मग त्यांनी माझ्या पर्समधून तो डबा काढला, खूप खटपट करून उघडला, आणि सगळ्या फोडी माझ्या ताटात वाढल्या. एकही मागे ठेवली नाही.

"खा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय इथे."

त्या समोर बसल्या, गुडघे चोळत. मी खाली मान घालून खात राहिले, आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, चोरीच्या लाजेने आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं ते झालं गं. मी माफ केलं तुला."