धाकटीची हरकत

मामांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि ते घरंगळू नये म्हणून बोटानं दाबून धरलं.

"फक्त सही," ते म्हणाले. "तुझी हरकत नाही, एवढंच लिहिलंय."

"कशाला हरकत नाही?" धाकटीनं विचारलं. तिला माहीत होतं. पण ते मामांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"थोरल्याच्या जामिनाला."

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, धाकट्या मुलाची बायको म्हणून. तो धाकटा आता नव्हता. खालच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं लोखंडी पाइपानं त्याचं डोकं फोडलं होतं. धाकटीनं ते जिन्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आज सासूचा हा भाऊ तिच्याच स्वयंपाकघरात, तिनंच केलेला चहा पिऊन, खुन्याला घरी आणण्यासाठी तिची सही मागत होता. जखमेवर मीठ चोळायचं आणि वर विचारायचं, बेताचं झालं ना?

"मामा, चहा संपला?"

"संपला."

"मग उठा."

मामा उठले नाहीत. उठवून उठेल तो मामा कसला! "सूनबाई, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तपास संपलाय, आरोपपत्र कोर्टात गेलंय. तो आत बसून कुणाचं भलं होणार आहे? जामीन म्हणजे काही निर्दोष सुटका नव्हे. खटला चालेल तेव्हा चालेल. तोवर माझ्या बहिणीला आधार होईल. तिचा एक मुलगा तर गेलाच..."

"गेला? कुठं गेला? परगावी गेलाय?" धाकटीचा आवाज चढला. "गेला गेला काय लावलंय? मारला. म्हणा एकदा. मारला."

मामांनी मान वळवली. दारात सासू उभी होती. ओले हात तसेच, पुसायचंही भान नव्हतं तिला.

"तू पाहिलंस ते तुझ्यापाशी," सासू म्हणाली. "मी काही पाहिलं नाही. दोघं झोंबले, धाकट्याचा पाय सळ्यांत अडकला, डोकं ऐरणीवर आपटलं. पोलिसांना मी तेच सांगितलंय."

"आई, तुम्ही मागच्या दारात उभ्या होतात."

"पाठमोरी होते."

धाकटीनं कागद उचलला, चुरगळला आणि मामांच्या रिकाम्या कपात कोंबला. मग ती खाली वर्कशॉपमध्ये निघून गेली. जाताना तिनं दार असं आपटलं की वरच्या फळीवरचं भांडं खाली आलं.

ते वर्कशॉप दोघा भावांचं. लोखंडी गेट, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या. थोरल्याचा हात जलद, धाकट्याचा हात सफाईचा. खून झाला तो एका कच्च्या जोडावरून. थोरल्यानं घाईत जोडलेल्या गेटचा कोपरा धाकट्यानं गिऱ्हाइकासमोर हातोडीनं ठोकून पाहिला आणि जोड उकलला. "हा परत करून देतो," असं धाकटा हसत म्हणाला. बास, एवढंच. गिऱ्हाईक रस्त्याला लागेपर्यंत थोरला काही बोलला नाही. मग त्यानं पाइप उचलला. पहिल्या फटक्याला धाकटा गुडघ्यांवर आला. त्यानं हात वर केला, मारू नको म्हणून. थोरल्यानं दुसरा फटका त्या हातावरून डोक्यात घातला. जिन्यावर धाकटी किंचाळत होती; स्वतःच्या किंकाळीपुढे तिला दुसरं काही ऐकू आलं नाही.

थोरल्याचा राग कुणाला ठाऊक नव्हता? त्याची स्वतःची बायको लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी गेली ती परतली नाही. तेव्हाही सासू म्हणाली होती, "तिचंच डोकं गरम."

धाकटीला जायला माहेर उरलं नव्हतं. आणि वर्कशॉप टाकून जायचं म्हणजे नवऱ्याच्या कष्टांवर पाणी सोडायचं. म्हणून ती राहिली. मापं घ्यायला शिकली, कटाईला शिकली, खुनाच्या दिवशी रजेवर असलेल्या दोन जुन्या कारागिरांच्या मदतीनं कामं वेळेवर देऊ लागली. तर गल्लीत कुजबुज सुरू: बघा, नवरा जायची वाट बघत होती, दिराला तुरुंगात धाडून सगळं गिळून बसली. सख्खी आई सांगतेय पाय अडकला, आणि ही सांगतेय खून! लोक कुणावर विश्वास ठेवणार? आईवर. एकाच घरात, एकाच भिंतीला टेकून त्या दोघी जेवत, आणि धाकटी रागानं अर्धं ताट टाकून उठे.

जामिनाच्या सुनावणीला ती लवकर गेली. कोर्टाच्या बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाक भरून लोक बसले होते. पोलिसांनी थोरल्याला आणलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती. मान खाली घालून निघून जाईल असं तिला वाटलं. तो थांबला.

"वर्कशॉप नीट चाललंय ना?" त्यानं विचारलं. जणू चार दिवस बाहेरगावी गेला होता. "मोठा ग्राइंडर जपून वापर. त्याचं चाक ढिलं आहे."

धाकटीच्या कानशिलात रक्त उसळलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. धमकी दिली असती तरी चाललं असतं. हा तिची काळजी करत होता! ती त्याच्याकडे झेपावली, पण तोवर पोलिसांनी त्याला पुढे नेलं होतं.

आत न्यायाधीशबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. पुकारा झाला. सरकारी वकील उठले, हातातली फाइल उघडली, ती भलत्याच खटल्याची निघाली, ती मिटली आणि म्हणाले, "सरकारचा जामिनाला तीव्र विरोध आहे." आणि बसले. झाला विरोध! धाकटीला वाटलं, यांच्या डोक्यावरून पाणी ओतलं तरी हे 'तीव्र ओलं झालं' एवढंच म्हणतील.

थोरल्याचा वकील मात्र तयारीचा होता. गोड गळ्याचा, ठाय लयीत बोलणारा.

"मॅडम, या प्रकरणात डोळ्यांदेखत पाहिल्याचं सांगणारी एकच व्यक्ती आहे, मयताची पत्नी. तिच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण आज संपूर्ण वर्कशॉप तिच्या ताब्यात आहे, हेही खरं. दुसरीकडे मयताची आई. तिनं पोटचा मुलगा गमावलाय. मुलाच्या मारेकऱ्याला कुठली आई पाठीशी घालेल? ती सांगते, हा अपघात आहे. ती स्वतः इथं आली आहे. अजून कुणाचं ऐकायचं?"

"खोटं आहे!" धाकटी उभी राहिली.

"बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमचा जबाब मी वाचलाय. ओरडून तो जास्त खरा होणार नाही."

धाकटी बसली. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "वकीलसाहेब, आरोपीला सोडलं तर तो राहणार कुठे?"

"त्याच्या घरी, मॅडम. पत्ता अर्जात आहे."

"आणि या बाई कुठे राहतात?"

वकिलानं हातातला अर्ज खाली ठेवला. "त्याच घरात."

"त्याच घरात म्हणजे?"

"जिना एकच आहे, मॅडम. पण खोल्या वेगळ्या आहेत."

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. "ज्या साक्षीदाराच्या शब्दावर तुमचा खटला उभा आहे, त्याच्या शेजारच्या खोलीत आरोपी झोपणार, हे तुम्ही मला सांगणार होतात की मी विचारेपर्यंत वाट बघणार होतात?"

सरकारी वकील पुन्हा फाइल चाळू लागले. यावेळी योग्य ती.

"मॅडम, अडचण असेल तर आरोपी मामांकडे राहील," वकिलानं तोडगा काढला. "मामा इथंच आहेत. घरातले जबाबदार वडीलधारे."

जबाबदार वडीलधारे मागच्या बाकावर चुळबुळले. सगळ्या माना वळल्या तेव्हा उभे राहिले. "म्हणजे... माझी हरकत नव्हतीच. पण जागा लहान. त्यात सुना आहेत, नातवंडं आहेत. लहान मुलांच्या घरात असं... बरं दिसणार नाही."

धाकटी हसली. मोठ्यानं, कडू. तिनं ते दाबायचा प्रयत्नही केला नाही. तिच्या घरात खुनी चालतो, यांच्या घरात बरं दिसत नाही!

तेवढ्यात सासू उठली. कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब, मी देते ना हमी. त्याला माझ्याजवळ द्या."

न्यायाधीशबाईंनी तिला पुढे यायला सांगितलं. "आजी, तो तुमच्या सुनेला काही करणार नाही, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही. बापाला कधी जुमानलं नाही त्यानं, पण माझा शब्द खाली पडू दिला नाही."

"रागात असला तरी?"

"रागात असला तरी. मी नुसतं बास म्हटलं की त्याचा हात खाली येतो."

"मग त्या दिवशी का नाही म्हटलंत?"

प्रश्नात कसलाही डाव नव्हता. कागदावर काहीतरी टिपून घेता घेता विचारलेला साधा प्रश्न. पण सासूला तो झोंबला. आई असून गप्प उभी राहिली, असं कुणी म्हणावं?

"म्हटलं की! बेंबीच्या देठापासून ओरडले मी! बास कर, एक बसला तेवढा पुरे, मरेल तो, म्हणून..."

आणि ती थांबली. उघडं तोंड तसंच राहिलं.

धाकटीनं आधी थोरल्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

वकील घाईनं पुढे झाला. "मॅडम, त्या वयस्कर आहेत, गोंधळल्या आहेत. याला पुरावा म्हणता येणार नाही."

"मी म्हणतच नाही. पुराव्याचं खटल्यात पाहू, आणि त्यांचा जबाब पुन्हा नोंदवायचा की नाही ते सरकारी वकिलांनी ठरवावं. जागे असतील तर." न्यायाधीशबाईंचा आवाज आता करडा झाला होता. "आज माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की या माणसाला साक्षीदाराच्या घरात पाठवायचं का. तो ज्या एका शब्दावर थांबतो असं तुम्ही सांगता, त्याच शब्दावर तो थांबला नाही. दुसरं कुणी त्याला घरात घ्यायला तयार नाही. अर्ज फेटाळते."

पोलीस थोरल्याला बाहेर घेऊन निघाले. दारापाशी त्यानं वळून पाहिलं. "आई, काय केलंस हे?" तो म्हणाला. हळू, लहान मुलानं विचारावं तसं. सासू मागोमाग बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर ती मटकन बसली. मामा तोवर दिसेनासे झाले होते.

धाकटी तिच्यापुढे येऊन उभी राहिली. जिंकल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काहीच वाटलं नाही. राग होता तो तसाच होता. उलट आता त्याला बसायला ऐसपैस जागा मिळाली होती.

"म्हणजे पाठमोऱ्या नव्हतात."

सासूनं मान खाली घातली.

"गल्लीनं मला खोटारडी म्हटलं. नवऱ्याच्या मरणावर टपलेली म्हटलं. तुम्ही ऐकत होतात. रोज माझ्या हातचं जेवत होतात आणि ऐकत होतात!"

"मी काय करायला हवं होतं?" सासूनं मान वर केली. तिच्याही डोळ्यांत आग होती. "एकाला पोचवून आले, दुसऱ्याला मीच फासाकडे ढकलू? तुझा नवरा गेला. माझे दोन्ही गेले असते."

"माझा एकच होता, आई. आणि तो तुमचाही होता. त्याच्या बाजूनं कोण बोललं? त्यानं हात वर केला होता. तो तुम्हाला दिसला ना?"

सासूनं पदर तोंडात कोंबला. बाजूच्या बाकावरचे लोक बघत होते. बघू देत, धाकटीला वाटलं. सगळ्या गावानं बघू दे.

दोघी एकाच बसनं परतल्या, वेगवेगळ्या बाकांवर बसून. वर्कशॉपच्या दारापाशी सासूचं पाऊल अडलं.

"मी भावाकडे जाऊ का काही दिवस?"

"मामांकडे जागा लहान आहे, ऐकलंत ना," धाकटी कुलूप काढत म्हणाली. "चला आत."

पुढच्या आठवड्यात पोलीस जबाबाला आले. धाकटी उठून जाणार होती, पण सासूनं तिचा हात धरला आणि तिच्यादेखत सांगितलं. गेटचा जोड, पाइप, पहिला फटका, आपली हाक, वर केलेला हात, दुसरा फटका. मध्येच दोनदा पाणी मागितलं. पण काही गाळलं नाही. खाली सही केली तेव्हा अक्षरं रेघेवरून उतरली होती.

पोलीस गेल्यावर ती म्हणाली, "आता तरी माझ्याशी धड बोलशील?"

"इतके दिवस खोटं बोललात, ते एका सकाळी फिटत नाही," धाकटी म्हणाली. "आणि हेच कोर्टात सांगावं लागेल. त्याच्या तोंडावर. त्याच्या वकिलाच्या उलटतपासणीत. तिथं पाठमोऱ्या झालात तर बघा."

"नाही होणार."

"बघू."

खाली कारागिरानं हाक मारली; कठड्याचं माप चुकत होतं. धाकटी जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर थांबून, वर न बघताच, ती रागानंच म्हणाली, "आणि दुपारचं जेवून घ्या. उपाशी राहून साक्ष देता येत नाही."